कमाईचा कागद आणि कर्जाचा हप्ता

आपल्याकडे कर्जाविषयी बोलताना माणूस आवाज खाली आणतो आणि कमाईविषयी तर बोलतच नाही. शेजाऱ्याच्या रानात किती पोती ज्वारी झाली हे साऱ्या गावाला ठाऊक असते. परंतु त्याच घरात महिन्याला रोख किती येते हे त्या घरातल्या मुलांनाही ठाऊक नसते. धनकोपुढे जाऊन "हप्ता झेपत नाही, कमी करून द्या" असे म्हणायची वेळ आली की पहिला प्रश्न नेमका या झाकलेल्या गोष्टीचा येतो. "तुमची मिळकत किती? पुरावा काय?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, कोणता कागद पुढे करावा, कोणता हातचा राखावा आणि धनकोला हे विचारण्याचे कारण तरी काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी काही कायद्याचा पंडित नव्हे. द्वितीय वर्ष कला शाखेत अर्थशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे घरात आणि आळीत येणारा प्रत्येक सरकारी लिफाफा आधी माझ्या पुढ्यात पडतो. "तू कॉलेजात जातोस ना? मग वाच." एवढीच माझी पात्रता. कॉलेजच्या ग्रंथालयातील कायद्याची पुस्तके, अर्थशास्त्राचे सर आणि तालुक्याच्या कोर्टातील एक ओळखीचे वकील यांच्या मदतीने जे उमगले ते येथे मांडतो.

हे सर्व वाचायची गरज कशी पडली ते थोडक्यात सांगतो. आमचे आण्णा शिवणकाम करतात. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या पेठेत त्यांचा भाड्याचा गाळा आहे. २०२१ च्या दिवाळीनंतर त्यांनी एका पतसंस्थेकडून दीड लाख रुपये उचलून ओव्हरलॉकचे आणि पिको-फॉलचे अशी दोन मशिने घेतली. व्याज दर साल दर शेकडा १४, हप्ता ४,१०० रुपये, मुदत ४ वर्षे. दोन वर्षे हप्ते बिनबोभाट गेले. पण २०२३ च्या जूनमध्ये एका मोठ्या शाळेचे गणवेश तयार कपड्यांच्या ठेकेदाराकडे गेले आणि त्याच हिवाळ्यात आजी पडून तिच्या मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले. हप्ते थकले. कर्जाला जामीन होते ते मला चौथीत शिकवलेले गुरुजी. थकबाकी न भरल्यास गुरुजींच्या पगारातून कपात करू, अशी नोटीस २०२४ च्या जूनमध्ये आली. तेव्हापासून आण्णा शाळेच्या रस्त्याने जाईनात. गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायचे असले तरी ओढ्याकडून वळसा घालून जात.

मॅनेजरसाहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "आण्णा, हप्ता कमी करायला माझी ना नाही, पण कमिटीपुढे काय ठेवू? तुम्ही पगारदार नाही. मिळकतीचा पुरावा द्या." आण्णा म्हणाले, "साहेब, माझ्याकडं मापाची वही आहे फक्त." साहेब हसले आणि म्हणाले, "तहसीलदाराचा दाखला आणा."

आता हा दाखला आपणा विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रापुढे आपण रांग लावतो ती त्याच्यासाठीच. पण तो कशासाठी असतो? अमुक एका योजनेच्या मर्यादेत हे कुटुंब बसते की नाही, हे सरकारला कळावे म्हणून. अर्जदाराचे निवेदन आणि तलाठ्याचा अहवाल यांवरून त्यात वर्षाचा एक आकडा घालतात. पैसा कोणत्या महिन्यात येतो, घरखर्च किती, अंगावर आणखी देणी किती, यांतले काहीच त्यातून कळत नाही. माझ्या दाखल्यावर आमच्या घरचे वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपये होते. कर्जाच्या मूळ अर्जावर, जो पतसंस्थेच्याच कारकुनाने भरला होता आणि आण्णांनी नुसती सही केली होती, महिन्याचे उत्पन्न २०,००० रुपये होते. म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. एकाच घरातली, एकाच शिवणयंत्रावरची कमाई सरकारदरबारी साठ हजार आणि पतसंस्थेत दोन लाख चाळीस हजार! खरा आकडा तिसराच होता आणि तो कोणीच मांडलेला नव्हता.

हे आमच्याच घरचे नाही. ज्याला पगाराची चिठ्ठी नाही त्या बहुतेक घरांत असे दोन आकडे असतात. सवलत हवी असली की लहान, कर्ज हवे असले की मोठा. गंमत अशी की फीसवलतीची मर्यादा या दोन्ही आकड्यांच्या कितीतरी वर होती. लहान आकडा निव्वळ सवयीने पडला होता. कर्ज फिटत असते तोवर या दुहेरीपणाचे कोणाला काही वाटत नाही. थकले की मात्र मोठा आकडा गळ्याशी येतो, कारण धनको तोच पुढे धरून म्हणतो, "महिन्याला वीस हजार मिळवता आणि चार हजार देववत नाहीत?"

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथे आहे. धनकोला दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक, ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही. दुसरा, ज्याच्याकडे नाही म्हणून जो देऊ शकत नाही. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात, कारण दोघांचाही हप्ता आलेला नसतो. दोघांना वेगळे करणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे मिळकतीचा व खर्चाचा लेखी हिशोब. आपण तो कमीपणा समजून लपवतो आणि लपवल्यामुळेच पहिल्या तऱ्हेत गणले जातो.

कायद्यानेही हाच फरक धरला आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५१ व्या कलमाप्रमाणे, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकायचे असेल तर आधी कोर्टाची खात्री व्हावी लागते. जसे की, त्याच्याजवळ पैसे फेडण्याचे साधन आहे किंवा हुकूमनाम्यानंतर होते आणि तरीही तो देण्यास नाकारतो आहे. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात, न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राद्वारे, हे अधिक स्पष्ट केले. केवळ गरिबीमुळे कर्ज फिटले नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालता येत नाही. त्याच्या वागण्यात अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. म्हणजे "नाही" हे दाखवणे ऋणकोच्या हिताचे आहे. ५६ व्या कलमाने पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला तर अटक करताच येत नाही. आमच्या आळीत वसुलीवाले बायकांना "जेलात जाल" असे धमकावत असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हुकूमनामा झाल्यानंतर कोर्ट ऋणकोला त्याच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला सांगू शकते, आणि ते न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तात्पर्य, मिळकतीचा कागद आपण होऊन दिला नाही तर पुढे तो सक्तीने द्यावा लागतो. वेळेचाही फरक पडतो. दाव्याचा निकाल देतानाच कोर्टाला हप्ते बांधून देता येतात. निकाल लागून गेल्यावर मात्र त्यासाठी बहुधा धनकोची संमती लागते. आणि पतसंस्थेला तर दिवाणी कोर्टात जाण्याचेही कारण नसते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली ती निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते आणि मग जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. निबंधकाने दाखला देण्यापूर्वी चौकशी करायची असते. त्या चौकशीच्या तारखेला कर्जदार बहुधा घरीच बसलेला असतो, आणि संस्थेचा हिशोब तेवढा टेबलावर असतो.

येथे थोडे इतिहासात डोकावणे अस्थानी होणार नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते हिसकावून जाळली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लोकांनी घरे किंवा माणसे यांच्यापेक्षा कागदांवर रोख धरला होता, कारण हिशोबाचा कागद एकाच पक्षाकडे होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. सावकाराने नुसते खत दाखवले की काम भागेनासे झाले. व्यवहार पहिल्यापासून कसा झाला हे कोर्टाने तपासायचे, हप्ते बांधून द्यायचे आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे नाही, असे ठरले. या कायद्याखाली न्या. रानडे यांनी खास न्यायाधीश म्हणून काम पाहिले होते. पण या सवलतीच्या दारातही एक प्रश्न उभाच होता. तुझा चरितार्थ मुख्यत्वे शेतीवर चालतो हे दाखव! म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वीही आमच्या जिल्ह्यातील ऋणकोला आपली कमाई कोठून येते हे सांगितल्याखेरीज संरक्षण मिळत नव्हते. केवळ शिवणकामावर पोट भरणाऱ्याला तर तो कायदा लागूच होत नव्हता.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याला पगार आहे त्याचे सोपे आहे. पगाराची चिठ्ठी, फॉर्म १६ आणि बँकेचा उतारा दिला की झाले. पगारदारांनी एक हिशोब मात्र ध्यानात ठेवावा. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत पगारापैकी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. समजा, जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० रुपये आहे. त्यातले १,००० सोडले, राहिलेल्या ३०,००० पैकी २०,००० सोडले, म्हणजे जास्तीत जास्त १०,००० ला हात लागतो. मजुराची मजुरी, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची अवजारे आणि कारागिराची हत्यारे यांनाही जप्तीपासून संरक्षण आहे. (यंत्र त्याच कर्जाला तारण दिलेले असेल तर गोष्ट निराळी.)

खरी अडचण बिनपगारी माणसाची. "आमच्याकडं कसला पुरावा?" असे तो म्हणतो, पण घर धुंडाळले की पुरावे निघतात. दूध घालणाऱ्याकडे संकलन केंद्राची दहा दिवसांची बिले असतात. भाजी किंवा कांदा बाजार समितीत नेणाऱ्याकडे अडत्याच्या पट्ट्या असतात, ऊसवाल्याकडे कारखान्याच्या वजनाच्या पावत्या असतात. रोजगार हमीवर जाणाऱ्याकडे जॉबकार्ड असते. अलीकडे गिऱ्हाईक फोनवरून पैसे पाठवते, त्याच्या नोंदी पासबुकात उमटतात. सातबारा मात्र पुष्कळ जण उगाच जोडतात. त्यातून जमीन किती आणि पीक कोणते हे कळते, हातात काय आले हे कळत नाही. उलट मोठा सातबारा पाहून धनकोची भूक वाढते.

आण्णांकडे होती मापाची वही. छाती, कंबर, उंची, बाही, गळा, आणि कोपऱ्यात शिलाईचा आकडा व "जमा" किंवा "बाकी". अशा तीन वह्या मी पुढ्यात घेतल्या आणि जुलै २०२३ ते जून २०२४ अशा बारा महिन्यांची बेरीज मांडली. दोन रात्री लागल्या. त्यातून जे दिसले ते आण्णांनाही नवीन होते. जूनमध्ये २१,००० रुपये आले होते, दिवाळीच्या महिन्यात २४,०००. लग्नसराईच्या एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येकी १५,०००. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र महिन्याला ७,००० च्या आसपास. वर्षाची बेरीज १,३१,०००. आईची शेतमजुरी ३०,०००. एकूण १,६१,०००.

केवळ जमेचा आकडा धनकोच्या हाती देणे घातक असते. त्याच पानावर खर्च लिहिला पाहिजे. गाळ्याचे भाडे १८,०००, दोरा-बटण-अस्तर वगैरे १४,०००, घरचे धान्य-किराणा ६०,०००, वीज आणि गॅस १३,२००, आजीची औषधे ८,४००, माझा व बहिणीचा शिक्षणखर्च १२,०००. एकूण १,२५,६००. शिल्लक ३५,४००. आणि ठरलेले हप्ते वर्षाचे ४९,२००. म्हणजे आण्णांनी कितीही काटकसर केली असती तरी दरवर्षी १३,८०० रुपयांची तूट पडणारच होती. गेले वर्षभर घरात चाललेली सगळी भांडणे या एका आकड्यात मावली. आई तक्ता बघून म्हणाली, "म्हणजे तुमी उधळत नव्हता." आण्णा काही बोलले नाहीत, पण वही मिटून त्यांनी ती कपाटात ठेवली, एरवी ती कापडाच्या ढिगाखाली पडलेली असते.

या तक्त्याचा दुसरा उपयोग असा की हप्ता किती, यासोबत तो कधी हेही त्यातून ठरवता येते. सारखा मासिक हप्ता हा पगारदार माणसाच्या मापाने बेतलेला सदरा आहे. हंगामी कमाईच्या माणसाला तो आठ महिने आवळतो आणि चार महिने ढगळ होतो. आम्ही अर्जात लिहिले की आठ मंद महिन्यांत १,५०० आणि चार चांगल्या महिन्यांत ४,५०० द्यायची आमची ताकद आहे, वर्षाचे ३०,०००. शिल्लक ३५,४०० असताना तीसच का? कारण आजारपण, मयत, भाचीचे लग्न यांसाठी तक्त्यात एक पैसाही धरलेला नव्हता. जो माणूस कमिटीला खूश करण्यासाठी सगळी शिल्लक हप्त्यात बांधून देतो त्याचा तिसराच हप्ता चुकतो, आणि मग दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

मूळ अर्जावरील २०,००० चे काय करायचे, हा पेच होता. त्याबद्दल गप्प राहावे असे शेजाऱ्यांचे मत पडले. वकीलसाहेब म्हणाले, "तो आकडा त्यांच्या फायलीत आहे. तुम्ही बोलला नाहीत तर ते बोलतील." म्हणून अर्जातच दोन ओळी घातल्या. पूर्वीचा आकडा हंगामातील महिन्यांचा अंदाज होता, त्यात शाळेच्या गणवेशांचे काम धरले होते, आणि सोबतचा तक्ता बारा महिन्यांच्या नोंदींवरून केला आहे. तहसीलदाराचा दाखलाही जोडला, पण तो योजनेसाठीचा असल्याचे लिहून.

कागद देण्याचीही एक रीत आहे. मूळ प्रत कधीही देऊ नये. झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर आडवे लिहावे, "केवळ हप्ता कमी करून मिळण्याच्या अर्जासाठी", खाली तारीख. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का व सही घ्यावी. तोंडी "ठेवून जा, बघतो" यावर विसंबू नये. मिळकत दाखवायची म्हणजे कोरा धनादेश, सही केलेला कोरा मुद्रांक, एटीएमचा किंवा फोनवर येणारा गुप्त आकडा द्यायचा, असा अर्थ होत नाही. घरातल्या ज्या व्यक्तीने कर्जावर सही केलेली नाही तिचे पासबुकही मागता कामा नये. आईची मजुरी आम्ही तक्त्यात घातली, कारण घर दोघांच्या कमाईवर चालते. तिचे पासबुक मात्र दिले नाही.

अर्ज लिहिताना आणखी एक गोष्ट जाणून असावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी "मी देणे लागतो" असे सहीनिशी लिहून दिले तर तीन वर्षे तेथून पुन्हा सुरू होतात. काही जण या भीतीने काहीच लिहून देत नाहीत. मला हे पटत नाही. ज्याला कर्ज फेडायचेच आहे त्याला त्याची अडचण कसली? पण आपण काय लिहून देतो हे ठाऊक असले पाहिजे, आणि आकडा मान्य करण्यापूर्वी खातेउतारा मागून तो ताडून पाहिला पाहिजे.

जामीनदाराचे कोडे मला सर्वांत उशिरा सुटले. आण्णांना वाटत होते की गुरुजींना कळू न देता हप्ता बदलून घ्यावा. मॅनेजरसाहेब मात्र गुरुजींच्या सहीसाठी अडून बसले. तो हट्ट नव्हता. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पण त्याची संमती न घेता धनकोने कर्जदाराला मुदत वाढवून देण्याचा करार केला तर जामीनदार मोकळा होतो. संस्था ते कसे होऊ देईल? शेवटी आण्णांना गुरुजींच्या घरी जावेच लागले. मी तक्ता घेऊन बरोबर गेलो. गुरुजींनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, एक बेरीज पुन्हा करून पाहिली, आणि म्हणाले, "हे कागद मला सहा महिन्यांपूर्वी दाखवले असतेत तर मीच कमिटीपुढं येऊन बसलो असतो." त्यांनी सही केली. चहा झाला. आण्णा परत येताना शाळेवरून आले.

खासगी सावकाराची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे माझा सल्लाही निराळा आहे. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला आपली मिळकत दाखवणे म्हणजे कोल्ह्याला खुराड्याचे दार दाखवणे. त्याच्याकडे आधी परवाना आणि हिशोब मागावा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाप्रमाणे सावकाराला हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक भरण्याची पावती द्यावी लागते; बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात करता येते. गावात हे कोणी करत नाही, कारण पुढच्या पेरणीला पुन्हा त्याच दारात उभे राहायचे असते, हेही मला ठाऊक आहे.

बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या आत्याच्या वाडीत दर आठवड्याला त्यांचा माणूस येतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये घातलेल्या नियमांप्रमाणे, वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले बिनतारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज होय, आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. उत्पन्न एका व्यक्तीचे न धरता साऱ्या घराचे धरायचे आणि ते कर्ज देण्यापूर्वी तपासायचे, असा तो नियम आहे. आत्याच्या घरात तीन कंपन्यांची कर्जे आहेत. प्रत्येकीने उत्पन्न विचारले होते, पण उत्तर तिच्याच माणसाने लिहिले होते. तिचा तक्ता करताना मी आधी तिन्ही कार्डे मागितली आणि सगळे हप्ते एका ओळीत मांडले. ते निम्म्याच्या वर जात होते. हा तक्ता घेऊन ती आता त्या कंपन्यांच्या शाखेत जाणार आहे. काय होते ते पाहायचे.

आमच्या अर्जाचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये लागला. कमिटीने मंद महिन्यांचे १,५०० मान्य केले, चांगल्या महिन्यांचे ५,००० केले. म्हणजे वर्षाचे ३२,०००. व्याजात एक रुपयाची सूट मिळाली नाही, दंडव्याज मात्र पुढे थांबवले. बाकी सुमारे नव्वद हजार होती, ती फिटायला चार वर्षे लागतील असा मॅनेजरसाहेबांचा हिशोब आहे. गुरुजींच्या पगाराची नोटीस मागे घेतली. अट एकच घातली, की दर जूनमध्ये मागच्या बारा महिन्यांचा तक्ता आपण होऊन द्यायचा. जून २०२५ चा तक्ता बहिणीने केला. ती आठवीत आहे. आण्णांनी या वर्षासाठी मापाच्या वहीतच शेवटच्या चाळीस पानांवर दोन रकाने आखून घेतले आहेत, आणि डाव्या रकान्यात शिलाई लिहून झाली की उजवीकडे दोऱ्याच्या रिळाची किंमत लिहिल्याशिवाय ते दिवा मालवत नाहीत.